वाढत्या मापाचं दुकान

जन्मलेलं बाळ साधारण पन्नास सेंटिमीटर लांबीचं असतं. वर्षाचं होईपर्यंत ते पंचाहत्तरच्या आसपास पोचतं आणि वजन तिप्पट होतं. बारशाला आलेलं झबलं उष्टावणाला अंगात जात नाही आणि उष्टावणाला घेतलेला फ्रॉक पहिल्या वाढदिवसाला आखूड होतो. लहान मुलांच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान काढणाऱ्या माणसाचा सगळा धंदा या वाढीवर चालतो आणि बहुतेकांचा फसतोही तिथेच. किराणा दुकानदाराचं गिऱ्हाईक वीस वर्षं तोच गूळ आणि तीच तूरडाळ नेतं. इथे जोडलेलं गिऱ्हाईक तीन महिन्यांत वेगळ्या मापाचं होतं, दीड वर्षात वेगळ्या वस्तू मागतं आणि चार-पाच वर्षांत दुकानाबाहेर पडतं.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात अशी दुकानं गल्लोगल्ली निघाली आहेत. गल्लीत त्यांची पाटी नसते. बेडरूमच्या कपाटात माल, जेवणाच्या टेबलावर पॅकिंग, फोनवर ऑर्डरी आणि दुपारी चारला पार्सलं न्यायला येणारा कुरिअरचा मुलगा, एवढाच त्यांचा पसारा. बहुतेक बायका चालवतात आणि बहुतेकींनी स्वतःच्या बाळंतपणानंतर सुरुवात केलेली असते. त्यांच्यापैकी काहींशी मी सविस्तर बोललो. जमाखर्च उघड करायचा असल्यानं नावं छापू नका, असं त्यांनी सांगितलं. ते मी पाळतो आहे.

या क्षेत्रातला देशातला सर्वांत मोठा खेळाडू पुण्याचाच आहे, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसतं. सुपम महेश्वरी आणि अमिताव साहा यांनी २०१० साली पुण्यात फर्स्टक्राय सुरू केली. कामानिमित्त परदेशी जाणारे महेश्वरी आपल्या मुलीसाठी तिकडून वस्तू आणत आणि तशा दर्जाच्या वस्तू इथे सहज मिळत नाहीत, हे त्यांना खटकत असे. त्यातून ही कल्पना निघाली. प्रसूतिगृहांत नव्या आईच्या हाती भेटवस्तूंचा डबा द्यायचा, ही त्यांची युक्ती मला आजही फार हुशारीची वाटते. मूल जन्मतं त्याच आठवड्यात दुकान घरात पोचतं. पुढे त्यांनी नुसत्या संकेतस्थळावर न थांबता गावोगावी दुकानं उघडली. कारण पहिलटकरणीला, आणि तिच्या सासूला तर नक्कीच, कापड हाताला लावून बघायचं असतं. २०१६ साली त्यांनी महिंद्रांचा बेबीओय हा व्यवसाय घेतला. आज त्यांची हजाराच्या वर दुकानं आहेत. मूळ कंपनी ब्रेनबीज सोल्युशन्स ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात आली.

बाजारात येण्यापूर्वीच्या आर्थिक वर्षात या कंपनीची उलाढाल सुमारे ६,४८० कोटी रुपयांची होती आणि तोटा ३२१ कोटींचा. देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलं जन्मतात, गिऱ्हाइकाला तोटा नाही. तरी चौदा वर्षं राबलेली, भांडवलाची ददात नसलेली कंपनीही या धंद्यात तोट्यातून वर यायला झगडत होती. मग पन्नास हजार रुपये घालून घरातून दुकान सुरू करणारीनं दरात तिच्याशी स्पर्धा करायची म्हटली तर काय होईल?

कोल्हापूरच्या एका ताईंनी ते करून पाहिलं आहे. बाळंतविड्यातले कपडे त्या शिवून विकतात: झबली, टोपडी, लंगोट, कुंची, दुपटी. सुरुवातीला त्यांनी होजिअरीचा तयार मालही ठेवला होता. तिरुपूरहून थोक दरात आणायचा आणि वर थोडा नफा ठेवून विकायचा. तोच माल मोठ्या ॲपवर त्यांच्या खरेदीपेक्षाही स्वस्त मिळू लागला आणि दोन पोती कपाटात अडकून पडली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, जे आपण शिवतो तेच विकायचं. कापड इचलकरंजीहून येतं, शिलाई घरात होते, आणखी दोघी जणी त्यांच्या हाताखाली काम करतात.

त्यांनी एक झबलं माझ्यासमोर उलटंसुलटं करून दाखवलं. शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या आणि अंगाला लागणारी बाजू सपाट, गुळगुळीत. पुढे बटण नाही, कारण बटण तुटलं तर तोंडात जातं. त्याऐवजी दोन नाड्या, त्याही गाठ बसेल इतक्याच लांब. गळ्याशी नाडी नाहीच. "लांब नाडी फोटोत छान दिसते," त्या म्हणाल्या, "पण बाळ कुशीवर वळायला लागलं की ती मानेभोवती जाते. मागितली तरी मी लावत नाही." हे त्यांना कुठल्या नियमावलीनं शिकवलं नाही. त्यांच्या आईच्या हातची झबली अशीच असत.

दुकानाचं सर्वांत मोठं दुखणं माप. "तीन ते सहा महिने" असं लिहून विकलेला कपडा एका घरात पाचव्या महिन्यात घट्ट होतो, दुसऱ्या घरात आठव्या महिन्यापर्यंत ढगळ राहतो. मग परतीची पार्सलं सुरू होतात. ताईंनी वयाचा हिशेब सोडला. आता प्रत्येक कपड्याशेजारी मोजायची टेप ठेवून फोटो काढतात, छातीचा घेर आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहितात आणि ऑर्डर घेताना बाळाचं वजन विचारतात. परत येणारी पार्सलं त्यानंतर पुष्कळ कमी झाली. त्यांच्याकडे एक वही आहे. तीत आईचं नाव, गाव, बाळाची जन्मतारीख आणि गेल्या वेळी दिलेलं माप असे रकाने आहेत. बाळ तीन महिन्यांचं होत आलं की आईला व्हॉट्सॲपवर निरोप जातो: ताई, आता पुढचं माप लागेल, थंडीही येते आहे, कुंची पाठवू का? त्यांच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी या वहीतून येतात, आणि त्यांच्यासाठी जाहिरातीवर एक पैसा खर्च होत नाही. मोठ्या कंपन्या हेच काम संगणकावर करतात. फरक इतका, की इथे निरोप पाठवणारीला त्या बाळाला गेल्या महिन्यात पुरळ आलं होतं हेही माहीत असतं.

जाहिरात करून आणलेल्या ऑर्डरीचा हिशेब त्यांनी मला कागदावर मांडून दिला. आकडे ढोबळ आहेत, पण कुठल्याही नवख्या दुकानदारानं ते एकदा स्वतःच्या मालासाठी लिहून काढावेत. समजा ४९९ रुपयांचा संच विकला. त्यात पाच टक्के जीएसटीचे २४ रुपये. कापड आणि शिलाई २१०. पिशवी, खोका, चिकटपट्टी, लेबल १८. कुरिअर ७०. पेमेंट गेटवेचे १२. उरले १६५. रील बूस्ट करून गिऱ्हाईक आणायला ९० खर्च झाले तर उरले ७५. आता पाच पार्सलांतलं एक घेतलं गेलं नाही आणि परत आलं, तर त्याचं जाण्यायेण्याचं १४० रुपये भाडं उरलेल्या चारांवर पसरायचं, म्हणजे प्रत्येकी ३५. हाती राहिले चाळीस रुपये. त्यात विजेचं बिल, मशीनची दुरुस्ती आणि स्वतःची मजुरी यायची आहे. वहीतून आलेल्या ऑर्डरीत जाहिरातीचे ९० वाचतात आणि जुनं गिऱ्हाईक पैसे आधी पाठवतं, म्हणून परतीचे ३५ही वाचतात. त्याच संचावर चाळीसऐवजी एकशे पासष्ट रुपये राहतात. हे दुकान तगलं आहे ते या फरकावर.

परत येणाऱ्या पार्सलाला या धंद्यात "आरटीओ झालं" म्हणतात आणि ते बहुतेक सीओडीचं, म्हणजे घरी आल्यावर पैसे देण्याचं असतं. रात्री अकरा वाजता रील बघताना ऑर्डर पडते. चार दिवसांनी कुरिअरवाला दारात येतो तेव्हा घरात सुटे पैसे नसतात, नवरा म्हणतो कशाला मागवलं, किंवा तोवर तसंच काहीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं असतं. दार लागतं, पार्सल फिरतं. मागवणाऱ्याचं एका रुपयाचंही नुकसान होत नाही. ते सगळं दुकानदाराच्या अंगावर पडतं, वर कपडा चुरगळून, कधी मळून परत येतो. सीओडी बंद केली तर ऑर्डरी निम्म्यावर येतात, ही भीती प्रत्येकीनं बोलून दाखवली. तरी ज्यांनी पहिल्या ऑर्डरीलाच शंभर रुपये आगाऊ घ्यायला सुरुवात केली, त्यांचा जीव वाचला असं मला दिसलं. नव्या दुकानानं हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा.

कुरिअरच्या भाड्यात आणखी एक खोच असते आणि ती खेळणी विकणाऱ्यांना फार महाग पडते. भाडं नुसत्या वजनावर लागत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायचं. येईल तो आकडा किलोत धरतात, आणि तो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असला तर भाडं त्याचं. चाळीस बाय तीस बाय तीसच्या खोक्यात दीड किलोचं मऊ अस्वल घातलं तर भाडं ७.२ किलोचं लागतं. नाशिकचं एक जोडपं लाकडी आणि कापडी खेळणी विकतं. त्यांनी खोक्याची मापं आधी ठरवली आणि त्यात बसतील तीच खेळणी ठेवली. डायपरच्या वाटेला तर लहान दुकानानं जाऊच नये. जागा प्रचंड खातात, नफा किरकोळ आणि मोठी ॲप ते गिऱ्हाईक ओढायलाच स्वस्त देतात.

नाशिकच्या या जोडप्याकडे मी कायद्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटातून फाइल काढली. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह हवंच. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ ही मानकं लागतात. घरी शिवलेली बाहुली ऑनलाइन विकली तरी ती या आदेशात येते, हे कित्येक घरगुती विक्रेत्यांना माहीतच नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना यातून सूट आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी अशीच मानांकित आहेत. हे जोडपं ती ज्या कारागिराकडून घेतं, त्याच्या नोंदणीची प्रत प्रत्येक खरेदीच्या बिलाला जोडून ठेवतं. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितार आळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी आणि फळं रंगवली जातात. तिथल्या कारागिराकडून घ्यायचं ठरवलं तरी पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमची नोंदणी आहे का? नसेल तर करायला मदत करावी. त्यात दोघांचंही भलं आहे.

या मानकांत एक छोटं नळकांडं असतं. आतला व्यास ३१.७ मिलीमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा जो भाग कुठेही न दाबता त्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असं धरतात आणि ते खेळणं नापास होतं. नाशिकच्या दुकानात असं एक नळकांडं टेबलावरच असतं. नवा माल आला की खुळखुळ्याचे मणी, गाडीची चाकं, बाहुलीचे डोळे आधी ओढून बघायचे, सुटलं तर नळकांड्यात टाकून बघायचं. प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा ही चाचणी घेऊ शकत नाही, पण दुकानदाराची नजर त्यानं तयार होते. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झालं, तेव्हापासून देशी खेळण्यांना मागणी वाढली. त्या मागणीच्या जोरावर वाटेल ते रंगवून विकणारेही वाढले, म्हणून ही नजर हवी.

खाण्याच्या वस्तूंचं प्रकरण याहून नाजूक आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकले जाणारे पदार्थ, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यासाठी १९९२ चा कायदा आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या वस्तूंची जाहिरात करता येत नाही. खप वाढवायला सूट किंवा भेट देता येत नाही. दिवाळी सेलमध्ये "दुधाच्या बाटलीवर वीस टक्के सूट" असं लिहिणं बेकायदा आहे. बाटली बाळंतविड्याच्या संचात फुकट घालणंही तसंच. आणि शिशुआहार म्हणजे नुसते डब्यातले परदेशी पदार्थ नव्हेत. सहा महिने ते दोन वर्षं या वयात आईच्या दुधाला पूरक म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं त्यात येतं. घरी केलेलं नाचणी सत्त्व "सहा महिन्यांच्या बाळासाठी उत्तम" असं रीलमध्ये सांगून विकणाऱ्या कितीतरी भगिनी या कायद्याच्या कक्षेत येतात. हेतू चांगला असतो, नाचणीही चांगली असते. पण हा कायदा आईच्या दुधाचं रक्षण करायला आहे आणि तो मला मनापासून पटतो. ज्यांना नाचणी सत्त्व विकायचं आहे त्यांनी अन्नसुरक्षा नोंदणी करावी, ते सर्वांसाठीचं पीठ म्हणून विकावं आणि बाळाचा फोटो त्यावर लावू नये.

काही वस्तूंना कायद्याची आडकाठी नसली तरी त्या विकू नयेत असं माझं मत आहे. पांगुळगाड्याच्या जागी आलेला प्लॅस्टिकचा वॉकर ही पहिली. त्यात बसवलेलं मूल पाय टेकवून जिन्याकडे, गॅसकडे इतक्या झटकन पोचतं की मोठ्यांना धावायला वेळ मिळत नाही. कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. दुसरी मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून घरोघर ती मागतात. पहिलं वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. कोल्हापूरच्या ताईंकडे महिन्याला कितीतरी जणी ही उशी मागतात. त्या नाही म्हणतात आणि का नाही ते सांगतात. काही जणी रागावून जातात. पण ज्या थांबतात त्या पुढच्या मुलालाही इथेच येतात.

मराठी घरातल्या सणांनी छोट्या दुकानांना मोठा हात दिला आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरनहाणं होतात. हलव्याचे दागिने करणाऱ्या पुण्याच्या एक काकू नोव्हेंबरपासून ऑर्डरी घेतात. मुलाला मुकुट, हार, बासरी. मुलीला बाजूबंद, कंबरपट्टा. बंगळुरू, हैदराबाद इथल्या मराठी कुटुंबांकडून मागणी असते, कारण तिथे हे मिळत नाही. हलवा ओल धरतो, म्हणून प्रत्येक दागिना वेगळ्या बंद पिशवीत जातो. रथसप्तमी उलटली की शिल्लक मालाला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे काकू ऑर्डरीपलीकडे एक नगही करत नाहीत. गुळेदगुड्डच्या खणाचे फ्रॉक आणि परकर-पोलकी पाडव्याला आणि गणपतीत जातात. दिवाळीत किल्ल्यावरचे मातीचे मावळे आता पार्सलनं फिरतात, त्यांना भुश्शात गुंडाळून पाठवणारेही आहेत.

परदेशातल्या मराठी घरांकडून येणारी मागणी खूप आशा लावते, पण तिच्यावर दुकान उभं करू नये. अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टअखेर आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सलं काही काळ थांबवावी लागली. ऐन सणाच्या तोंडावर खणाच्या फ्रॉकांचे गठ्ठे घरात राहिले. शिवाय बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या मालाला तिथे २००८ च्या कायद्यानुसार तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. ते घरगुती विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

करांच्या बाबतीत घाबरण्यापेक्षा एकदा नीट समजून घ्यावं. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ॲपवरून माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला, उलाढाल मर्यादेत असेल तर, जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, नावनोंदणी क्रमांक पुरतो. राज्याबाहेर पार्सल पाठवायचं तर, काही हस्तकला वस्तूंचा अपवाद सोडून, नोंदणी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये विजेवर न चालणारी खेळणी, डायपर आणि बाटल्या बारावरून पाच टक्क्यांवर आल्या. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांनाही पाच टक्केच लागतात. पाकिटावर किंमत, निर्मात्याचं नाव-पत्ता आणि मालाचा देश छापायचा. तक्रार आली तर ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची, हे २०२० चे ग्राहक नियम सांगतात. आईची तक्रार ४८ तास थांबतच नाही, हा भाग वेगळा.

दुकान वाढवायचं म्हणजे काय, यावर मी या सगळ्यांशी बोललो. ज्यांनी मालाचे प्रकार वाढवले त्यांचे पैसे अडकले. ज्यांनी त्याच बाळाच्या पुढच्या वयाचा विचार केला त्या वाढल्या: बाळंतविड्यानंतर रांगत्या बाळाच्या गुडघ्याला जाड कापड लावलेल्या चड्ड्या, मग बालवाडीचे ॲप्रन आणि छोटी बसकरं. कोल्हापूरच्या ताईंच्या वहीत आता दुसऱ्या बाळंतपणांच्या तारखा यायला लागल्या आहेत. मोठ्या कंपनीच्या दराशी त्यांची तुलना होऊ शकत नाही आणि त्यांनी ती सोडून दिली, हे योग्यच झालं.

हा अंक हातात असताना तुम्हीही घरातल्या एखाद्या बाळासाठी काहीतरी मागवणार असाल. खेळणं असेल तर आयएसआय चिन्ह बघा, नसेल तर कारागिराची नोंदणी विचारा. कपडा असेल तर वयाऐवजी बाळाचं वजन आणि छातीचं माप कळवा. घरगुती दुकानातून मागवत असाल तर शक्य असेल तेव्हा पैसे आधी पाठवा. आणि सीओडीनं मागवलंच असेल, तर दारात आलेलं पार्सल परत पाठवू नका.